कोरी खोली

प्रिय सूनबाई,

काल बैठकीत तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "यापुढे त्यांना जे सांगायचं असेल ते त्यांनी मला लेखी द्यावं." म्हणून हे पत्र. एका घरात, एकाच जिन्याच्या वर-खाली राहणाऱ्या दोन बायकांनी एकमेकींना पत्र लिहायचं, हे मला हास्यास्पद वाटतं. पण तू मागितलंस, मी देते आहे. पूर्ण देते आहे, त्यामुळे जरा लांबेल.

'त्यांना' हा शब्द मला लागला, हे आधीच सांगून मोकळी होते. कारखान्यात तू मला 'बाई' म्हणतेस आणि घरी 'आई'. काल दोन्ही नाही. मी समोरच्या खुर्चीत बसलेली असताना तू माझ्याबद्दल मोठ्या साहेबांशी बोलत होतीस, जणू मी बाहेरगावी गेले आहे. साहेब पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. बाकीचे टेबलाकडे बघत होते. "घरातलं राजकारण कारखान्यात आणू नये," असंही तू म्हणालीस, आणि त्यावर कुणीतरी खोकलं. बास, एवढंच. आता कामाचं.

मी मागितलं होतं ते साधं होतं. नव्या गाडीच्या छताच्या अस्तराची वासाची चाचणी पुन्हा घ्यायची, आणि ती होईपर्यंत एकही गाडी ट्रेलरवर चढवायची नाही. पहिल्या गाड्या येत्या सोमवारी निघायच्या आहेत, म्हणजे मी ऐन वेळी आडवं पाऊल टाकलं. तू कारण विचारलंस आणि मी म्हटलं, नंतर सांगेन. तू आमच्याच पॅनलचा कागद दाखवलास: अस्तर पास, खाली माझ्या जागी मास्तरांची सही. तुझ्या जागी मी असते तर मीही भडकले असते. बिनकारणाचा अडथळा मी कुणाकडूनच खपवून घेत नाही, सासूकडून तर नसताच घेतला. कारण माझ्याकडे होतं. ते त्या टेबलावर ठेवता येत नव्हतं. का, ते ओघात येईल.

तू आमचे आकडे वाचतेस, पण चाचणीला कधी बसलेली नाहीस. म्हणून तुला माहीत असलेलंही थोडं सांगते. गाडीत जे जे बसतं, म्हणजे अस्तर, गालिचा, सीटचा फोम, डॅशबोर्ड, त्याचा तुकडा काचेच्या बरणीत बंद करून आम्ही ओव्हनमध्ये ठेवतो. दुपारी उन्हात उभी असलेली गाडी आतून जेवढी तापते, तेवढा तो तुकडा तापवायचा. मग बरणी बाहेर काढून झाकण जरासं सरकवायचं आणि पाच जणांनी एकेक करून नाक लावायचं. एक गुण म्हणजे वास नाहीच, सहा म्हणजे झाकण लाव आणि पळ. साडेतीनच्या वर गेलं की नापास. "नाक मुरडायचा पगार घेतात," असं अख्खा कारखाना आमच्याबद्दल म्हणतो, म्हणू दे. चाचणीच्या दिवशी कुणी अत्तर लावायचं नाही, डोक्याला तेल नाही, लसूण नाही, विडी नाही. लसूण खाऊन गंमत बघायला आलेल्या मोठ्या साहेबांनाही मी एकदा दारातून परत पाठवलं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाची ती आमची कोरी खोली. चाचणीआधी पाचही जणांनी तिथे अर्धा तास गप्प बसायचं. काच, फरशी, लोखंडी खुर्च्या, आणि गाळून आत सोडलेली हवा. ज्याला स्वतःचा वास आहे अशी एकही वस्तू आत नाही. नाकाचं असं आहे की ते फार लवकर सरावतं. अत्तराच्या दुकानात बसणाऱ्याला अत्तराचा वास येत नाही. म्हणून आधी नाक कोरं करायचं आणि मगच त्याला साक्षीला बोलवायचं. या एका खोलीवर आमच्या सगळ्या आकड्यांची इज्जत उभी आहे.

मी कॉलेजातून रसायनशास्त्र शिकून इथे आले तेव्हा असलं काही नव्हतं. सीटच्या विभागात मुली ब्रशने गोंद लावायच्या आणि दुपार झाली की कारण नसताना हसायला लागायच्या. मुकादम म्हणायचा, "पोरी मजेत आहेत." त्या मजेत नव्हत्या, गोंदातलं द्रावण त्यांच्या डोक्यात चढलेलं असायचं. संध्याकाळी त्याच मुली भिंतीला टेकून ओकायच्या. आणि गिऱ्हाईक काय म्हणायचं? "नवी कोरी गाडी, वास बघा कसा येतोय!" त्या वासावर लोक खूश असायचे. फोम, प्लॅस्टिक आणि गोंद यांच्यातून सुटणारी रसायनं बंद काचांमागे छातीभर ओढून घ्यायचे आणि पेढे मिळाल्यासारखा चेहरा करायचे. तो वास कमी करण्यात माझी सगळी नोकरी खर्ची पडली. पाण्यात कालवायचा गोंद आला, रंग बदलले, हवेच्या वाटेवर गाळणी बसली. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालं, गाडी गाडीसारखी वाटत नाही.

तुझं फेल्ट या सगळ्याच्या पुढचं पाऊल आहे. हे वाक्य मी तुला कधी बोलले नाही, म्हणून आता लिहून ठेवते. फेकून दिलेले जुने कपडे, जे कुठेतरी जळायचे नाहीतर पुरले जायचे, ते पिंजून, दाबून त्यांचं छताचं अस्तर करायचं. तू पहिला तुकडा घरी आणून जेवायच्या टेबलावर ठेवलास तेव्हा मी फक्त म्हटलं, "टेबल पुसून घे." तुझा चेहरा पडला. तू वर निघून गेल्यावर मी तो तुकडा हातात घेऊन बसले होते. त्यात एका निळ्या शर्टाचा धागा स्पष्ट दिसत होता. कल्पना मला त्याच दिवशी पटली. पण पटलेलं बोलून दाखवायची मला सवय नाही, न पटलेलंच बोलते, म्हणून घरात माझी कीर्ती आहे तशी आहे. तुझ्या नवऱ्याला विचारून उपयोग नाही. तो माझ्याकडे बघून हो म्हणतो आणि तुझ्याकडे बघूनही होच म्हणतो.

आता गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचं. रजा संपवून मी या सोमवारी परत आले. फाटकापासून आत चालत जायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून मामा गाडी घेऊन आले. मामा म्हणजे आपले जुने चाचणी-चालक, तू त्यांना ओळखतेस. नव्या गाड्या दिवसभर चालवायच्या, उन्हात तापवायच्या, परत चालवायच्या, हे त्यांचं काम. त्यांचे डोळे लालभडक होते. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही बाई, वय झालं." मी म्हटलं, वय मलाही झालंय, माझे डोळे पांढरे आहेत. तेव्हा हळूच म्हणाले, "खरं सांगू? ही गाडी उन्हात ठेवून परत बसलो की कुणी शेजारी बसून कांदे चिरतंय असं वाटतं. डोकं ठणकतं. मी लेखी तक्रार दिली होती. वरून उत्तर आलं, झोप पूर्ण घ्यावी." वरून म्हणजे तुझ्या विभागाकडून, सूनबाई. मी दार लावलं, काच वर केली आणि श्वास घेतला. मामांच्या डोळ्यांचा झोपेशी काही संबंध नव्हता.

तिथून मी तडक कोऱ्या खोलीत गेले. दार उघडलं आणि तोच वास. गाडीतला, तंतोतंत तोच, फक्त थोडा सौम्य. समोरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत तुझं फेल्ट बसवलेलं, तेही गाडीत बसतं तसंच, चौकटीवर चिकटवून. मास्तर लगबगीने मागून आले. मास्तर म्हणजे माझे उपप्रमुख. सगळ्यांचं शुद्धलेखन सुधारतात म्हणून मास्तर. त्यांना आनंद मावत नव्हता. "सूनबाईंनी बसवून दिलंय, बाई! शेजारच्या पत्रे दाबणाऱ्या प्रेसची धडधड एकदम बंद. म्हणाल्या, आईंना त्या आवाजाचा त्रास होतो, त्या रजेवरून येतील तेव्हा त्यांना शांतता मिळू दे. तुम्हाला सांगायचं नाही अशी ताकीद होती."

त्या धडधडीबद्दल मी किती साहेबांकडे अर्ज केले, मोजदाद नाही. एकाने कापूस घालायला सांगितला होता. तू कुणालाही न विचारता, मी अंथरुणावर असताना, ते करून ठेवलंस. मी खुर्चीत बसले. खरोखर शांत होतं. आणि बसल्या बसल्या, पुरता अर्धा तासही झाला नसेल, मला वास येईनासा झाला. मी मुद्दाम नाक भिंतीशी नेलं. काही नाही. तेव्हा मला कळलं. नाक कोरं करायच्या खोलीतच आपण नाकाला त्या वासाची सवय लावत होतो. पाच जण शहाण्यासारखे गप्प बसून त्याच हवेत मुरत होते आणि मग उठून त्याच अस्तराची बरणी हुंगत होते. बरणी त्यांना काय सांगणार? अस्तर पास झालं यात नवल नव्हतं. त्या खोलीतून उठून आलेल्यांनी ते नापास केलं असतं तर नवल.

मंगळवारी मी पाचही जणांना सायकल-स्टँडमागच्या झाडाखाली बसवलं. कुणाला कारण सांगितलं नाही. मास्तर कुरकुरले की वाऱ्याने आकडे बिघडतील. मी म्हटलं, आणखी काय बिघडायचं राहिलंय? मग उघड्यावरच बरण्या आणल्या. पहिली पाळी कँटीनचं कोठार सांभाळणाऱ्या बाईंची. त्यांनी झाकण सरकवलं आणि मान अशी मागे घेतली की खुर्ची कलंडली. "अगं बाई! हे कुणी पास केलं?" मास्तर म्हणाले, "तुम्हीच." कुणी हसलं नाही. पाचातला एकही आकडा साडेतीनच्या खाली आला नाही. मास्तरांनी दोन वेळा बेरीज केली आणि मग पेन खाली ठेवलं.

तू विचारशील, मग रसायनं मोजणाऱ्या यंत्राने कसं पकडलं नाही? मीही तेच विचारलं. यंत्राने तपासलेले तुकडे पहिल्या खेपेचे होते आणि त्यांत जुना गोंद होता. त्यानंतर पुरवठादाराने लवकर सुकणारा गोंद वापरायला सुरुवात केली आणि कळवलं की हा समतुल्य आहे. नव्या खेपा यंत्राकडे गेल्याच नाहीत, फक्त आमच्या नाकांकडे आल्या, आणि आमची नाकं भिंतीने आधीच गप्प केली होती. बुधवारी मी अस्तर सोडवून फेल्ट वेगळ्या बरणीत ठेवलं आणि गोंद वेगळ्या. फेल्टला जुन्या कापडाचा, जराशा ओल्या लोकरीचा वास आहे. अडीचच्या वर कुणी गेलं नाही. डोळ्यांत पाणी आणतो तो गोंद. तुझं फेल्ट निर्दोष आहे, हे वाक्य दोनदा वाच.

आता कडू भाग. 'समतुल्य' या शब्दाखाली तुझी सही आहे. तारीख जवळ आली होती, तुझ्यावर चारी बाजूंनी घाई होती, हे मला दिसतं. सही का केलीस हे मी विचारणार नाही, कारण मला सांगून भागणारं नाही. पण एवढं नक्की सांगते की बाहेर धूर सोडत नाही म्हणून ज्या गाडीची आपण जाहिरात करतो, तिच्यात बसणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढायचं, हे पाप माझ्या हयातीत सोमवारी ट्रेलरवर चढणार नाही. त्या गाड्यांत मागच्या सीटवर लहान मुलं झोपणार आहेत. मामांना निदान काच खाली करता येते.

काल हे सगळं माझ्याकडे तयार होतं आणि तरी मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर पहिलं वाक्य काय आलं असतं? ज्या बाईचं अस्तर तपासायचं होतं, तिनेच तपासणाऱ्यांच्या खोलीत ते अस्तर बसवलं. हे ऐकून त्या टेबलावर एकाने तरी 'सासूबाईंच्या शांततेसाठी' असा विचार केला असता का? सगळ्यांनी एकच म्हटलं असतं, बाई हुशार आहे, नाकंच बांधून टाकली. तू मला शांतता दिलीस आणि तिचं लबाडीत रूपांतर व्हायला एक मिनिट लागलं नसतं. मग फेल्ट गेलं असतं, तूही गेली असतीस, आणि पुढची वीस वर्षं कुणी जुन्या कपड्यांचं नाव काढलं असतं तर लोक म्हणाले असते, मागे ते प्रकरण झालं होतं ना? म्हणून मी मूर्खासारखी "नंतर सांगेन" म्हणत बसले आणि तू मला सुनावलंस ते ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची मला सवय नाही, हे तुला माहीत आहे. रात्रभर डोकं धरून बसण्यातली मी नाही, पण जेवण गेलं नाही.

तर आता काय झालं आहे ते ऐक. आज सकाळी मी साहेबांना लिहून दिलं की कोऱ्या खोलीत वास येणारी वस्तू शिरल्यामुळे रजेच्या काळातले आमचे सगळे निकाल रद्द आहेत. सगळे, म्हणजे तुझं अस्तरच असं नव्हे, गालिचा, पट्टे, सगळे. खोलीची जबाबदारी प्रमुखाची, म्हणजे माझी. भिंतीला काय लागलं आणि कुणी लावलं याचा त्यात उल्लेख नाही. निकाल नाही म्हणजे गाड्या हलणार नाहीत. साहेब ओरडले. ओरडू दे. मास्तर उद्या चाचणी नव्याने घेतील, आणि त्यात अस्तर नापास होणार, हे तुला आणि मला ठाऊक आहे. तेवढा वेळ तुझ्या हातात आहे. आज दुपारी तू स्वतः साहेबांसमोर जाऊन गोंदाचं सांगितलंस, सहीसकट, भिंतीसकट, तर तो शोध तुझा आणि उपायही तुझा: जुना गोंद परत आणायचा, गाड्या काही आठवडे थांबवायच्या, फेल्ट वाचवायचं. नाही सांगितलंस तर उद्या मास्तर सांगतील, आणि ते शुद्धलेखनाचे पक्के आहेत, एक काना-मात्रा सोडणार नाहीत. बरण्यांचा दुसरा संच सील करून मी त्यांच्याकडे ठेवला आहे. तुझ्यावर विश्वास आहे का, तर आहे. पण गाड्या विश्वासावर सोडायच्या नसतात. आणि साहेबांकडे जायच्या आधी मामांकडे जा. झोपेबद्दल जे लिहिलं ते चूक होतं, असं त्यांना तोंडाने सांग. कागद पाठवू नकोस.

हे सगळं मी जिना चढून वर येऊन दोन वाक्यांतही सांगू शकले असते. लिहिलं ते तू मागितलंस म्हणून, हे खरं, पण तेवढंच खरं नाही. तोंडाने सांगितलं असतं तर तू मला थांबवलं असतंस, आणि बहुधा मी थांबले असते, म्हणून आधी केलं आणि मग लिहायला बसले. निकाल रद्द करायच्या कागदाबरोबर मी माझा राजीनामाही दिला आहे. तुझं फेल्ट पुन्हा तपासलं जाईल, पुन्हा पुन्हा तपासलं जाईल. मी त्या खुर्चीत असेन तोवर ते पास झालं तर लोक म्हणतील सुनेसाठी, आणि नापास झालं तर म्हणतील सुनेवरचा राग. काल तू ते म्हणालीसच, आणि तू चुकीची नव्हतीस. फक्त ते माझ्याआधी तुझ्या लक्षात आलं. तुझ्या कामाला असा न्यायाधीश हवा, ज्याच्या घरी तू राहत नाहीस. हे पत्र मास्तर तुझ्या टेबलावर ठेवतील तेव्हा मी फाटकाबाहेर असेन. संध्याकाळी घरी ये. जेवताना कामाचं बोलायचं नाही. त्यानंतर हवं तेवढं भांड.

घरी तुझीच आई, आणि आजपासून कारखान्यात कुणीच नाही,

सासूबाई

सुपूर्द केलेल्या वस्तू:

मोठ्या साहेबांकडे: निकाल रद्द केल्याचा कागद आणि राजीनामा. पोहोच मिळाली.

मास्तरांकडे: कोऱ्या खोलीची आणि ओव्हनच्या कपाटाची किल्ली, बरण्यांचा एक संच, सीलबंद. भिंतीवरचं फेल्ट त्यांनी माझ्यासमोर उतरवलं. खोली उघडी टाकली आहे. मिळाल्याची सही घेतली.

तुझ्याकडे, या पत्रासोबत: तीन बरण्या. एकीत अस्तर, एकीत नुसतं फेल्ट, एकीत गोंद. तोवर गार होतील, उघडायच्या आधी मास्तरांकडून पुन्हा तापवून घे. त्याआधी अर्धा तास सायकल-स्टँडमागच्या झाडाखाली बसायचं, एकटीने, चहा न घेता. पहिली बरणी फेल्टची घे.